पातळ पत्र्यासाठी प्लाझ्मा कटर घेताना अँपिअर नंतर बघा, हवा आधी

डिचोलीजवळ स्वतःचं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप चालवणाऱ्या एका तरुण मेस्त्रींनी विचारलंय: काम बहुतेक १८ ते २२ गेजच्या (साधारण सव्वा ते पाऊण मिमी) सीआर, म्हणजे साध्या थंड लाटलेल्या, आणि जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचं, अधूनमधून हॉटेलच्या किचन हूडसाठी १.२ मिमी स्टेनलेस, आणि शिगमो (गोव्यातली होळी) जवळ आला की चित्ररथांचे आकार. सध्या सगळं हातकात्री आणि चार इंची ग्राइंडरवर चाललंय. वर्कशॉपला सिंगल फेज आहे, एक एचपीचा ६० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आहे. चाळीस अँपिअरचा प्लाझ्मा (विजेची सलग ठिणगी, म्हणजे आर्क, आणि हवेचा झोत यांनी धातू वितळवून कापणारं मशीन) घ्यावा की साठचा? आत कॉम्प्रेसर असलेलं मशीन मिळतं, ते घेतलं तर कसं?

उत्तर आधीच सांगतो, कारणं मागून. ४० अँपिअरचं, २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालणारं, पायलट आर्क (म्हणजे काय ते पुढे येईल) असलेलं इन्व्हर्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचं हलकं, मशीन घ्या आणि ते बहुतेक वेळ २० ते ३० अँपिअरवर चालवा. साठचं तुमच्यासाठी नाकापेक्षा मोती जड होईल. ते न घेतल्याने जे पैसे वाचतील ते हवा कोरडी करण्यावर घाला. पातळ पत्र्याचा कट चांगला येतो की वाईट, हे मशीनच्या पेटीपेक्षा टॉर्चच्या, म्हणजे हातात धरून कापायच्या मुठीच्या, तोंडाशी पोहोचणाऱ्या हवेवर जास्त ठरतं. आणि आपल्या गोव्यात ही हवा वर्षातले चार महिने पाण्याने भिजलेली असते.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा. तुमच्या कामात सरळ कट किती आणि वळणाचे किती? २० गेजचा पत्रा सरळ कापायचा असेल तर शिअरिंग मशीनसारखं स्वच्छ आणि स्वस्त काही नाही. ते स्वतःकडे नसलं तरी औद्योगिक वसाहतीत जॉबवर्कने कापून मिळतं. एकाच नक्षीच्या पन्नास जाळ्या हव्या असतील तर फायबर लेझरवाल्याकडे ड्रॉइंग पाठवा. तो कट हाताच्या प्लाझ्माला कधीच जमणार नाही आणि तुमचा वेळही वाचेल. प्लाझ्मा खरा कामाला येतो तो वळणांना, हूडला डक्टसाठी पाडायच्या गोल भोकांना, गंजलेला जुना पत्रा काढताना, आधीच बसवलेल्या गेटमध्ये कुलपाची खाच करताना आणि शिगमोच्या मोरा-हत्तींना. तुमच्या यादीत यातलं बरंच आहे, म्हणून तुम्ही घ्यावा असं मला वाटतं. ज्याचं काम फक्त चौकोनी पेट्यांचं आहे त्याला मी नको म्हणेन.

आता अँपिअर. दुकानात गेलात की "साठचं घ्या, पुढे जाड कापायला लागलं तर?" असं सांगतात. पातळ पत्र्याचं गणित उलटं चालतं. प्रत्येक जाडीला आणि प्रत्येक अँपिअरला एक योग्य वेग असतो. १ मिमी पत्र्यावर ४० अँपिअर सोडले तर तो वेग मिनिटाला कित्येक मीटरमध्ये जातो. सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारं) टेबल तेवढ्या वेगाने धावतं, माणसाचा हात रेषेवरून तसा धावत नाही. हात मागे पडला की उष्णता पत्र्यात साठते, कट रुंद होतो, खाली बुडबुड्यांसारखी जाड मळी (वितळून थिजलेला धातू) लटकते आणि पत्रा पापडासारखा वाकडा होतो. करंट २० वर आणला की योग्य वेगही खाली येतो आणि हाताच्या आवाक्यात बसतो. म्हणून पातळ कामासाठी मशीन किती वर जातं यापेक्षा किती खाली येऊन शांतपणे जळतं हे बघायचं. काही स्वस्त मशिनांची खुंटी २० दाखवते, पण तिथे आर्क फडफडत राहतो.

करंट कमी करणं एवढंच पुरत नाही, नोझलही बदलावं लागतं, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. आर्क बारीक आणि ताठ राहतो तो नोझलच्या भोकातून दाबून निघतो म्हणून. ४० अँपिअरच्या नोझलचं भोक साधारण १ मिमीच्या आसपास असतं. त्यातून २० अँपिअर सोडले तर आर्क सैल पडतो, कट फाकतो. उलट बाजूने, २० अँपिअरच्या बारीक नोझलमधून ४० सोडले तर आर्क नोझलच्या भिंतीवरच उडी मारतो आणि भोक काही सेकंदांत फाटतं. म्हणून मशीन घ्यायच्या आधी विचारा: या टॉर्चला २० किंवा ३० अँपिअरचं वेगळं नोझल मिळतं का? त्राफिमेत या इटालियन कंपनीच्या एस-४५ जातीच्या टॉर्चना ०.६५ आणि ०.८ मिमीच्या आसपासची नोझलं मिळतात, पातळ पत्र्याला ती फार चांगली. हायपरथर्म या अमेरिकन कंपनीच्या छोट्या पॉवरमॅक्स मशिनांना बारीक कटासाठी 'फाइनकट' नावाचा वेगळा संच येतो. ती मशिनं उत्तम आहेत, पण चिनी इन्व्हर्टरच्या कित्येक पट किमतीची. रोज आठ तास प्लाझ्माच चालणार असेल तर ते पैसे वसूल होतात. तुमच्या कामाला आज त्याची गरज दिसत नाही.

टॉर्चबद्दल दुसरी गोष्ट म्हणजे पायलट आर्क. साध्या मशीनमध्ये टॉर्चचं तोंड पत्र्याला टेकवलं तरच आर्क लागतो. स्वच्छ पत्र्यावर चालतं, पण रंग, गंज किंवा तेलाचा थर असला की अडतं. जाळीवर किंवा भोकं पाडलेल्या पत्र्यावर तर प्रत्येक मोकळ्या जागेशी आर्क विझतो आणि पुन्हा लावावा लागतो. पायलट आर्कमध्ये नोझल आणि इलेक्ट्रोड (टॉर्चच्या आतला तांब्याचा दांडा, ज्यातून आर्क निघतो) यांच्यामध्येच आधी छोटा आर्क पेटतो आणि मग तो पत्र्यावर उडी घेतो. रंगावरूनही चालतो, जाळीवर तुटत नाही. स्वस्तातल्या बहुतेक ४०-५० अँपिअरच्या मशिनांना पीटी-३१ टॉर्च लावलेला असतो आणि त्यात पायलट आर्क नसतो. दिसायला सारखंच, पण काम वेगळं. या एका गोष्टीसाठी जास्त पैसे मोजायला हात आखडता घेऊ नका.

पायलट आर्क पेटवायचे दोन मार्ग आहेत. एकात हाय फ्रिक्वेन्सीची ठिणगी वापरतात. ती चालते छान, पण त्या ठिणगीचा विद्युत गोंधळ आजूबाजूच्या वस्तूंना त्रास देतो: सीसीटीव्ही, बिलिंगचा कॉम्प्युटर, उद्या तुम्ही छोटं सीएनसी टेबल घेतलंत तर त्याचा कंट्रोलर. दुसरा मार्ग 'ब्लोबॅक'. ट्रिगर दाबेपर्यंत इलेक्ट्रोड नोझलला टेकून असतो, मग हवेचा दाब त्याला मागे ढकलतो आणि त्या फटीत आर्क जन्म घेतो. हॉटेलच्या चालू किचनमध्ये, त्यांच्या मशिनांशेजारी काम करायचं असेल तर ब्लोबॅकच घ्या. त्यात हलणारा भाग असतो, म्हणून टॉर्चच्या आत धूळ आणि तेल जाऊ न देण्याची काळजी जास्त घ्यावी लागते.

यापुढे हवा. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण गोव्यात प्लाझ्मा "चालत नाही" म्हणून कोपऱ्यात पडलेली जी मशिनं मी बघतो, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं हवेत असतं.

आधी मात्रा. छोट्या टॉर्चला मिनिटाला १०० ते १२० लिटर हवा लागते, सुमारे ५ बार दाबाने, आणि हा दाब हवा वाहत असताना हवा. ट्रिगर न दाबता दाबाच्या मीटरवर दिसणारा दाब काही सांगत नाही. आता तुमचा एक एचपीचा कॉम्प्रेसर. त्याच्या पाटीवर लिहिलेला आकडा बहुधा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन आत ओढतो त्या जागेच्या हिशेबाचा, असतो. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफएडी, त्यापेक्षा बरीच कमी. आपण ती मिनिटाला ८० लिटर धरू आणि टॉर्चची गरज ११० धरू. टाकी ८ बारला भरून मोटर बंद होते, ६ बारला पुन्हा सुरू होते आणि साडेपाचच्या खाली गेलं की कट बिघडतो, असं मानू. ८ पासून ६ बारपर्यंत ६० लिटरच्या टाकीत १२० लिटर मोकळी हवा असते. ती मिनिटभरात संपते. मग मोटर सुरू झाली तरी मिनिटाला ३० लिटरची तूट आहेच, आणि साडेपाचपर्यंत हाताशी ३० लिटरच आहेत, म्हणजे आणखी एक मिनिट. एकूण दोन मिनिटं सलग कट, मग थांबायचं. याच लाइनवर १०० लिटरची आणखी एक टाकी जोडली तर तीच दोन मिनिटं साडेपाच होतात. पातळ पत्र्याच्या कामात कोणी साडेपाच मिनिटं सलग ट्रिगर दाबून ठेवत नाही. मध्ये पत्रा फिरवायचा असतो, क्लॅम्प हलवायचा असतो.

म्हणून आज नवा कॉम्प्रेसर घेऊ नका, टाकी वाढवा. काम वाढलं की दोन एचपीचा घ्या, तेव्हाही एफएडी किती ते विचारून. टाकी मात्र हवेसाठीच बनवलेली, दाबचाचणी झालेली, सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलीच हवी. जुना गॅस सिलिंडर कापून, वेल्ड करून टाकी बनवलेली मी पाहिली आहे. ते करू नका. आपल्या खाऱ्या हवेत गंज आतून खातो आणि बाहेरून काही कळत नाही.

आता पाणी. पावसाळ्यात आपल्याकडे ३० अंशाला ८५ टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. अशा एका घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा ७ बार दाबाला आवळून पुन्हा ३० अंशाला आणली की तिच्यात चारेक ग्रॅमच मावतं. उरलेलं सुमारे २२ ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडतं. तुमचा कॉम्प्रेसर तासभर सलग चालला तर तो पावणेपाच घनमीटर हवा ओढतो, म्हणजे शंभर मिलिलिटरच्या वर पाणी. ते कुठे जमतं हाच खरा प्रश्न आहे. कॉम्प्रेसर गरम झाला की टाकीतली हवाही कोमट असते, आणि कोमट हवेत पाणी वाफ होऊनच राहतं. तुम्ही कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच फिल्टर बसवला असेल तर ती वाफ फिल्टरमधून सुखाने निघून जाते आणि पुढे रबरी पाइपात थंड होऊन टॉर्चपाशी पाणी होते. फिल्टर कोरडा, टॉर्च ओला. मग मेस्त्री म्हणतो, फिल्टर तर लावलाय!

यावर उपाय म्हणजे हवा आधी थंड होऊ देणं आणि पाणी त्यानंतर पकडणं. कॉम्प्रेसरपासून निघालेली लाइन जीआय किंवा तांब्याच्या पाइपाने भिंतीवरून दहाएक मीटर फिरवा, हलका उतार द्या, सर्वांत खालच्या जागी उभा तुकडा आणि कॉक लावा. मशीनसाठीची फांदी मुख्य पाइपच्या वरच्या बाजूने काढा, खालून काढलीत तर पाणी तिथेच उतरेल. दुसरी टाकी या पाइपाच्या शेवटी ठेवली की ती हवेला थंड व्हायला आणखी वेळ देते, पाणी तिच्या तळाशी बसतं. तिच्यानंतर, मशीनच्या अगदी जवळ, वॉटर सेपरेटर. आणि त्याच्यानंतर सिलिका जेलचा छोटा ड्रायर. त्यातले दाणे रंग बदलतात, निळे असतील तर गुलाबी होतात, केशरी असतील तर हिरवट. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशाच्या आसपास भाजले की पुन्हा कामाला येतात. रेफ्रिजरेशनचा एअर ड्रायर मिळाला तर सोन्याहून पिवळं, तो हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते ते, तीनेक अंशापर्यंत खाली आणतो. पण छोट्या कामाला उतार, टाकी, सेपरेटर आणि जेल एवढं पुरतं. टाकीचा ड्रेन कॉक रोज संध्याकाळी उघडायचा, पावसाळ्यात दुपारीही. कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या असतील तर हवेबरोबर तेलही येतं, आणि प्लाझ्माच्या टॉर्चमध्ये तेल पाण्याइतकंच वाईट. मग तेल पकडणारा कोअलेसिंग फिल्टर लावावा लागतो, किंवा सरळ रिंगा बदलाव्यात.

हवा कोरडी आहे की नाही हे तपासायला उपकरण नको. बहुतेक मशिनांमध्ये फक्त हवा सोडायची सोय असते, आर्क न लावता. ती चालू करून टॉर्चसमोर स्वच्छ आरसा धरा. धुकं किंवा थेंब दिसले तर त्या दिवशी कट सुरू करू नका. पाणी असलेल्या हवेने आर्क थुंकल्यासारखा आवाज करतो, कटाची कड खडबडीत होते आणि इलेक्ट्रोड भराभर जातो.

इलेक्ट्रोडचं तोंड एकदा नीट बघून ठेवा, कारण ते मशीनची सगळी हकीकत सांगतं. तांब्याच्या दांड्याच्या टोकाला मध्ये हाफ्नियमचा छोटा ठिपका बसवलेला असतो. आर्क त्या ठिपक्यावरून निघतो. प्रत्येक सुरुवातीला आणि प्रत्येक शेवटी थोडं हाफ्नियम उडतं, म्हणून मिनिटभराच्या एका कटापेक्षा दोन-दोन सेकंदांचे तीस कट इलेक्ट्रोडला जास्त खातात. कोरड्या हवेवर चाललेल्या इलेक्ट्रोडमध्ये मधोमध गोल, गुळगुळीत खळगा पडतो. तो मिलिमीटरभर खोल झाला की बदलायचा. पाण्यावर चाललेल्यात खळगा वेडावाकडा, भोवतालचं तांबंही खाल्लेलं, कडेला करडी भुकटी. नोझल उजेडासमोर धरा, भोक गोल आणि कडा धारदार दिसली पाहिजे. एका बाजूला ओढल्यासारखं लांबट झालं असेल तर कट तिरका येणारच, मशीनला दोष देऊ नका. इलेक्ट्रोड आणि नोझल जोडीनेच बदलले तर दोन्ही जास्त टिकतात.

विजेचं गणित थोडक्यात. प्लाझ्माच्या मानकानुसार ठरावीक करंटला आर्कचा व्होल्टेज ८० अधिक करंटच्या ०.४ पट धरतात. २० अँपिअरला ८८ व्होल्ट, म्हणजे पावणेदोन किलोवॅट. मशीनमधली गळती आणि साध्या इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर धरला तर भिंतीतून १२-१३ अँपिअर ओढले जातात. चांगल्या १६ अँपिअरच्या प्लगवर हे चालतं. ४० अँपिअरला मात्र ९६ व्होल्ट, जवळपास चार किलोवॅट, आणि भिंतीतून २८ अँपिअरच्या आसपास. तिथे १६चा प्लग वितळेल. ३२ अँपिअरचा औद्योगिक सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि जाड तार आधीच टाकून घ्या. कॉम्प्रेसरची मोटर वेगळ्या एमसीबीवर. लाइनच्या टोकाच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतो, आणि व्होल्टेज पडला की तेवढ्याच कामासाठी मशीन जास्त करंट ओढतं, म्हणून मशीन किती व्होल्टपर्यंत खाली चालतं हे पाटीवर बघा. अर्थिंग नीट हवं. हे बोलायलाही नको, पण जुन्या शेडमध्ये ते बऱ्याचदा नावापुरतंच असतं.

ड्यूटी सायकलच्या आकड्याने गोंधळू नका. ४० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं कट. पण तो आकडा किती तापमानाला मोजलाय ते बघा. आंतरराष्ट्रीय मानकात ४० अंशाला मोजतात, काही विक्रेते २५ अंशाला मोजलेला छापतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पंचवीस अंश कुठले? ४०चं मशीन २५ वर चालवणाऱ्याला मात्र हा प्रश्न सहसा पडतच नाही, आणि चाळीसचं घेऊन खाली चालवा म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे.

आत कॉम्प्रेसर असलेल्या मशीनबद्दल. तुमचं बरंच काम साइटवर असेल, कळंगुटच्या हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर हूड बसवायचा आहे, तर एकच पेटी उचलून न्यायची सोय मोठी आहे. पण त्या छोट्या पंपाची हवा जेमतेम पुरते, तो गरम होतो, आणि पाणी पकडायला आत फारशी जागा नसते. बाहेरून ड्रायर लावायची सोयही बहुतेकांत नाही. पावसाळ्यात बंदिस्त, दमट किचनमध्ये त्याचा कट लगेच ढासळतो. पहिलं मशीन म्हणून मी ते घेणार नाही. साइटवर छोटा कॉम्प्रेसर आणि जेलचा ड्रायर वेगळा न्यावा.

स्टेनलेसच्या हूडसाठी दोन गोष्टी. साध्या हवेने कापलेली कड काळसर येते, तिच्यात ऑक्साइड आणि नायट्राइडचा पातळ थर असतो. त्यावर तशीच टिग वेल्डिंग मारली तर बारीक छिद्रं पडतात. अर्धा मिलिमीटर ग्राइंड करून मगच वेल्ड करा. बाहेर दिसणारी कड असेल तर रेषेच्या मिलिमीटरभर बाहेरून कापा आणि फ्लॅप डिस्कने आत आणा. स्टेनलेसवर वापरायची डिस्क लोखंडावर वापरू नका, समुद्राकाठच्या हॉटेलात ते लोखंडाचे कण महिन्याभरात तांबडे डाग होऊन वर येतात.

हाताची रीत शिकायला फार दिवस लागत नाहीत. अर्थ क्लॅम्प ठेवायच्या तुकड्याला लावा, पडणाऱ्या तुकड्याला नाही, नाहीतर शेवटच्या इंचाला आर्क विझतो. घासत चालायचं ड्रॅग नोझल नसेल तर तोंड पत्र्यापासून दीड ते तीन मिमी वर धरा. वेग बरोबर आहे की नाही ते ठिणग्यांवरून कळतं: त्या पत्र्याच्या खाली जाऊन किंचित मागे झुकलेल्या दिसायला हव्यात. वर उडत असतील तर घाई होतेय, सरळ खाली पडून मळी जमत असेल तर हात मंद आहे. बहुतेक टॉर्चमध्ये हवा घड्याळाच्या दिशेने फिरत बाहेर पडते, त्यामुळे तुम्ही ज्या दिशेने चाललात तिच्या उजव्या हाताची कड काटकोनात आणि स्वच्छ येते, डावीकडची जरा तिरकी. म्हणून बाहेरचा आकार कापताना घड्याळाच्या दिशेने फिरा आणि भोक कापताना उलटं. आतली भोकं आधी, बाहेरची रेषा शेवटी. चित्ररथासाठी एकाच मोराच्या आठ प्रती हव्या असतील तर सहा मिमी एमडीएफचा साचा करा, टॉर्चच्या तोंडाच्या निम्म्या रुंदीएवढा आत घेतलेला, आणि त्याच्या कडेने टॉर्च फिरवा. आठही मोर सारखे निघतात.

जीआय पत्र्याबद्दल मी कळकळीने सांगतो. जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि पोलाद वितळतं पंधराशेच्या आसपास, म्हणजे पत्रा कापायच्या आधीच जस्ताचा पांढरा धूर निघालेला असतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायलं की काही होत नाही, हा आपल्या धंद्यातला जुना समज आहे. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात. स्टेनलेसच्या धुरातलं क्रोमियम तर त्याहून घातक. शेडच्या उघड्या बाजूला काम करा, पंखा धूर तोंडापासून दूर नेईल असा ठेवा, वेल्डिंगच्या धुरासाठीचा मास्क लावा. कामगारालाही द्या, नुसता स्वतःला नको. डोळ्यांसाठी २० ते ४० अँपिअरला ५ नंबरची काच चालते. वेल्डिंगची ११ नंबरची काच लावलीत तर रेषाच दिसत नाही. आणि टॉर्चमध्ये दोनशे व्होल्टच्या वर विजेचा दाब असतो, ओल्या लादीवर, ओल्या हातमोज्यांनी ट्रिगर दाबायचा नाही.

खरेदीला फोंडा-मडगावात बघा, नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरला जा, पण जाताना स्वतःचे पत्रे बरोबर घ्या: २२ गेजचा जीआय, १.२ चं स्टेनलेस, गंजलेला एखादा तुकडा आणि थोडी एक्सपांडेड जाळी. विक्रेता नेहमी ६ मिमी प्लेट कापून दाखवतो, ते बघून तुमचा काही उपयोग नाही. मशीन २० वर लावायला सांगा आणि २२ गेजवर मीटरभर रेषा मारा. गंजलेल्या तुकड्यावर दहा वेळा ट्रिगर दाबा, दहाही वेळा आर्क लागला पाहिजे. जाळीवरून सरळ जा. ट्रिगर सोडल्यावर हवा काही सेकंद वाहत राहते का ऐका. ती तिथल्या तिथे बंद होत असेल तर तापलेला इलेक्ट्रोड थंड होत नाही आणि लवकर जातो. मग टॉर्चचं तोंड उघडून नोझल, इलेक्ट्रोड, हवा फिरवणारी रिंग आणि बाहेरची टोपी यांचे नंबर लिहून घ्या. बाजारातल्या दुसऱ्या दुकानात जाऊन हे नंबर मिळतात का विचारा. मिळत नसतील तर मशीन कितीही चांगलं असो, तिथेच ठेवा. मिळत असतील तर त्याच दिवशी २० किंवा ३० अँपिअरची दहा नोझलं, पाच-सहा इलेक्ट्रोड आणि एक जादा रिंग घेऊन या. रिंग मातीच्या भांड्यासारखी ठिसूळ असते, हातातून पडली की तडकते, आणि ती पडते ती नेमकी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या आठवड्यात, सगळी दुकानं माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) बाजाराने भरलेली असताना.